वीस खाटांच्या वृद्धाश्रमाचं पहिलं बजेट : मोंढ्यातल्या मुनिमाच्या वहीतून

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, २२ वर्षं मी एका आडतीवर मुनीम होतो. तुरीच्या कट्ट्याला हमाली किती, तोलाई किती, शेतकऱ्यानं उचल किती नेली आणि शेवटी त्याच्या हातात पट्टी किती पडली, एवढंच लिहीत आलो. आई खुब्याचं हाड मोडून तीन वर्षं खाटेवर होती, तेव्हा त्याच वहीत डायपर, एअर बेड, कॅथेटर हे शब्द आले. त्यानंतर दोन वृद्धाश्रमांचं सुरुवातीचं बजेट माझ्या हातून झालं. पहिला ११ महिन्यांत बंद पडला, दुसरा चालू आहे. पहिल्याचं बजेट मीच चुकवलं होतं, त्यामुळं इथं जे लिहितोय त्याची फी भरून झालेली आहे.

हल्ली लोक फोन करतात. "मुनीमजी, जागा आहे, भावना आहे, किती पैसे लागतील?" मी उलट विचारतो, की म्हातारा चालता आहे की खाटेवरचा? बहुतेकांनी हे ठरवलेलंच नसतं. आणि सगळा आकडा तिथंच फिरतो.

चालतं-फिरतं माणूस स्वतः आंघोळ करतं, पंगतीला येऊन बसतं, रात्री झोपतं. त्याला खोली, जेवण, लक्ष आणि कुणीतरी बोलायला लागतं. खाटेवरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाला १२ वेळा. असे ८ जण असले तर ९६ वेळा, आणि जड माणूस एकट्याला वळत नाही. दिवसाला तीन डायपर धरा, महिन्याचे ९०, एक ३० रुपयांना पकडला तरी २,७०० रुपये. श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्याला महिन्याला १,५०० मिळतात. म्हणजे सरकारी मदत नुसत्या डायपरलाही पुरत नाही. हे समोर ठेवा आणि मग "आम्ही मोफत करणार" असं म्हणायचं का ते ठरवा. मोफत करणारे आहेत, मी त्यांना हात जोडतो. पण त्यांच्या पाठीमागं दरमहा देणारा कुणीतरी ठरलेला असतो.

विसरभोळेपणाचा आजार असलेली माणसं हा तिसराच प्रकार. ती चालतात, आणि तीच पंचाईत. फाटकाला वेगळी कडी, आवाराला भिंत, रात्रभर एक जागं माणूस. पहिल्या वर्षी मी हे घेऊच नका म्हणतो.

पुढं जे आकडे देतोय ते २० खाटांचे आहेत. १२ चालत्या माणसांच्या, ८ खाटेवरच्यांच्या. जागा भाड्याची, लातूरपासून औसा रस्त्याला थोडी आत, मुलांचं जुनं वसतिगृह. भाव माझ्या वहीतले आहेत. तुमच्याकडं वर-खाली होतील, पण जोडणी हीच राहील.

एका हाताला चार माणसं

पगाराची मांडणी आधी करा, बांधकामाची नंतर. लोक उलटं करतात, कारण वीट दिसते आणि पगार दिसत नाही.

आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करणार. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. त्यात रजा, ताप, लग्नसराई आणि सोयाबीनची काढणी धरली की चार. ऑक्टोबरात काढणी सुरू झाली की आमच्याकडं निम्म्या मावशा रानात जातात. चार दिवसांत त्यांना जी मजुरी तिथं मिळते ती आपण देऊ शकत नाही, म्हणून रागावून उपयोग नाही. तर खाटेपाशी चोवीस तास एक हात हजर हवा असेल तर पगारपत्रकावर चार नावं हवीत. मी पहिल्या वेळी दोनच धरली होती, बारा-बारा तासांची. तिसऱ्या महिन्यात रात्रपाळीची बाई पहाटे खुर्चीत झोपलेली सापडली. तिला काय बोलणार? दिवसा ती घरी दुसरं आजारपण काढत होती.

२० खाटांना आमचं असं बसलं. सकाळी दोन मावशी, दुपारी दोन, रात्री एक. आठवड्याच्या ३५ पाळ्या, त्याला ७ माणसं, १३,००० प्रमाणे ९१,०००. नर्स प्रत्येक पाळीला एक, म्हणजे चार, १७,००० प्रमाणे ६८,०००. रात्री नर्स आणि मावशी मिळून कूस बदलतात. स्वयंपाकाला दोन, २६,०००. झाडलोट-धुण्याला दोन, २४,०००. राखणदार १३,०००. व्यवस्थापक २२,०००. एकूण १७ माणसं, २,४४,००० रुपये. २० माणसं झाली की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागतो आणि मूळ पगार-महागाई भत्त्यावर आपले १२ टक्के वाढतात. खाटा ३० करायचा विचार असेल तर हे त्या दिवशीच्या वहीत लिहून ठेवा.

त्यात भाडं ३५,०००, वीज-पाणी-डिझेल २८,०००, आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांचे १०,०००, किरकोळ ८,०००. म्हणजे घर भरलेलं असताना महिन्याचा ठरीव खर्च ३,२५,०००. माणशी जेवण-साबण-चहा दिवसाला ११० रुपये, महिन्याला ३,३००. औषधं आणि डायपर ज्याचे त्यानं.

दार दोन फुटी, खुर्ची सव्वीस इंची

वसतिगृह बघायला गेलो तेव्हा मालक म्हणाले, रंग मारला की झालं. माझ्यासोबत निवृत्त सिस्टर होत्या. त्यांनी रिक्षात चाकाची खुर्ची घालून आणली होती. मला वाटलं, बाई उगाच ओझं आणतायत. त्यांनी खुर्ची उघडली, मला तीत बसवलं आणि संडासाच्या दाराशी ढकलत नेलं. खुर्ची चौकटीत अडकली. माझी बोटं चाक आणि चौकटीच्या मधे सापडून सोलली. दार दोन फुटांचं आणि खुर्ची कडेपासून कडेपर्यंत २६ इंच. शिवाय दार आत उघडणारं. सिस्टर म्हणाल्या, "आत म्हातारा पडला तर दारालाच टेकून पडेल. मग उघडणार कसं, मुनीमजी?"

तिथल्या तिथं खडूनं भिंतीवर खुणा केल्या. दारं ३६ इंची, बाहेर उघडणारी. कमोडच्या बाजूला स्टीलचा दांडा, भिंतीत पक्का रोवलेला, नुसत्या प्लगवर टांगलेला नको. खाली खरबरीत फरशी. गुळगुळीत टाइल स्वस्त मिळते आणि एक खुबा मोडला की महाग पडते. मिस्त्रीला दांडा का लागतो हे पटेना, तेव्हा सिस्टरनी त्याला उकिडवं बसवून एका पायावर उठायला सांगितलं. पुढचे चारही दांडे त्यानं न सांगता बरोबर उंचीवर लावले. अशी पाच न्हाणीघरं, प्रत्येकी ६०,०००, एकूण ३,००,०००.

उतार धरताना एकास बाराचं माप ठेवा. जोतं दोन फूट असेल तर उतार २४ फूट लांब. आमच्या फाटकापर्यंत अंतर १५ फूट, म्हणून मधे वळण आणि विसावा द्यावा लागला. उतार, कठडे, दारं मिळून १,८०,०००. वरचा मजला आम्ही वापरलाच नाही. लिफ्टचा खर्च आणि तिची दुरुस्ती २० खाटांना पेलत नाही.

जागेबद्दल दोन गोष्टी, मराठवाड्यातल्याच. गावात कुणी जुना माळवदाचा वाडा फुकट देऊ करील. घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. उठून पळता न येणारी माणसं अशा छताखाली ठेवायची नाहीत. दुसरं, कुणी शेत दान देतो म्हणालं तर सातबारा बघा, वर्ग-१ की वर्ग-२, आणि मागचे फेरफार निजामाच्या काळापर्यंत काढा. इकडं इनामाच्या आणि कुळाच्या जमिनी पुष्कळ आहेत. आमच्या पहिल्या वेळी एका भल्या माणसानं २० गुंठे तोंडी दिले, आम्ही कुंपण घातलं, बोअर घेतला, आणि जमीन वर्ग-२ निघाली. परवानगीशिवाय ती देता येत नव्हती. माणूस खोटा नव्हता, त्यालाच ठाऊक नव्हतं. बोअर मात्र गेला.

पाणी

पुण्याच्या कुणी केलेलं बजेट इकडं आणलं की पाण्याच्या ओळीत फसतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते मी पाहिलंय. तेव्हापासून पाण्याची वेगळी वही ठेवतो.

बांधकामाच्या राष्ट्रीय संहितेत वसतिगृहाला माणशी १३५ लिटर धरतात आणि १०० खाटांच्या आतल्या रुग्णालयाला खाटेमागं ३४०. आपलं घर या दोन्हींच्या मधे. १२ चालत्यांचे १,६२०, खाटेवरच्या ८ जणांचे २,७२०, झाले ४,३४०. कामाची माणसं आणि स्वयंपाक धरून ५,००० लिटर. पाच हजाराचा एक टँकर, रोज. खाटेवरच्यांचं पाणी कुठं जातं असं विचारतात. चादरीत जातं. दिवसातून दोनदा, कधी तीनदा.

म्हणून २०,००० लिटरचा हौद, चार दिवसांचा साठा. टँकरवाल्याकडं लग्नाचं सामान निघालं की आपला नंबर मागं जातो. हौद, टाक्या, मोटर, पिण्याच्या पाण्याचं फिल्टर मिळून २,४०,०००. टँकरचा उन्हाळी निधी वेगळा, ९०० च्या भावानं अडीच महिने, साधारण ७०,०००. पाऊस चांगला झाला तर राहतील. बोअरचं पाणी क्षाराचं असतं. सोलर बंबाच्या नळ्या दोन वर्षांत पांढऱ्या होऊन चोंदतात, तेव्हा साफ करायचा खर्च पण लिहा.

विजेचं लांबण लावत नाही. गावठाणाच्या फिडरवर कनेक्शन आहे की शेतीच्या, ते महावितरणच्या वायरमनला विचारून मगच भाडेकरार करा. ऑक्सिजनचं यंत्र आणि एअर बेडचा पंप विजेवर चालतात. इन्व्हर्टर, छोटा जनरेटर, वायरिंग, ५०० लिटरचा सोलर बंब मिळून ३,५०,०००.

खाटा आणि सामान

१२ साध्या लोखंडी खाटा गादीसकट ७,००० प्रमाणे ८४,०००. डोक्याकडून उचलता येणाऱ्या सेमी फॉउलर ८, १५,००० प्रमाणे १,२०,०००. एअर बेड ८, २४,०००. चाकाच्या खुर्च्या ४, २४,०००. कमोड खुर्च्या ६, १५,०००. पाच लिटरचं ऑक्सिजन यंत्र एक, ४२,०००. सक्शन, नेब्युलायझर, बीपी-शुगरची यंत्रं २०,०००. चादरी माणशी चार जोड, ३६,०००. एकूण ३,६५,०००. चादरीत काटकसर करू नका. दोन जोडांवर पावसाळ्यात काही वाळत नाही. बाकी सामानात जुनं घ्यायला हरकत नाही. बंद पडलेल्या दवाखान्यांच्या खाटा निम्म्या भावात मिळतात. आम्ही सहा तशाच घेतल्या, फक्त हँडलचे आटे बघून घेतले.

स्वयंपाकघर आणि मोठं धुण्याचं यंत्र १,६०,०००. कॅमेरे, खाटेजवळची घंटी, आग विझवायचे सिलिंडर ७५,०००. सहा महिन्यांचं आगाऊ भाडं २,१०,०००.

कागद

संस्था-नोंदणी, धर्मादाय कार्यालय, सीए, वकील यांना ४०,००० धरले. संस्था १८६० च्या कायद्यानं करायची तर किमान सात सभासद, आणि न्यास म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. स्वयंपाकघराला अन्नपरवाना. सुया, कॅथेटर, ड्रेसिंगचा कचरा निघणार, तो २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात येतो, तेव्हा कचरा नेणाऱ्या संस्थेचं मासिक बिल धरा. रुग्ण भरती करून उपचार करणार असाल तर १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागतो आणि बजेट वेगळंच होतं. आगीचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं असतं. ते एकदाच लागतं असं समजून मी एका जुलैत तोंडघशी पडलो.

एक गोष्ट मात्र बारकाईनं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या १२एए किंवा १२एबी कलमाखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेनं चालवलेल्या वृद्धाश्रमाला, ६० वर्षांवरच्या रहिवाशाकडून राहणं, जेवण, देखभाल धरून महिन्याला २५,००० पर्यंत घेतले तर जीएसटी माफ आहे. २७,००० केले की ती माफी त्या माणसापुरती गेली. आमची खाटेवरच्यांची फी २५,००० वर थांबली ती या रेघेमुळं. चालत्यांची १८,०००. माणसाला सरासरी २०,८०० पडले. त्यातून जेवणाचे ३,३०० वजा, हातात १७,५००.

रिकाम्या खाटांचे महिने

आतापर्यंतचं सगळं जोडलं की १९,२०,००० होतात. लोक इथं वही मिटतात. मीही पहिल्यांदा इथंच मिटली होती. वर लिहिलं होतं, "२० खाटा गुणिले फी". बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मोंढ्यात आयुष्य काढूनही मी तेच केलं.

३,२५,००० भागिले १७,५००. अठरा पूर्णांक काहीतरी. म्हणजे २० पैकी १९ वी खाट भरल्यावर घर स्वतःच्या पायावर उभं राहतं. आणि खाटा एकदम भरत नाहीत. इकडं आई-बापाला आश्रमात ठेवलं म्हणजे भावकीत बोल लागतो. पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी करणारा मुलगा आधी तीनदा येऊन बघून जातो. मग मामा येतो. मग दिवाळी झाल्यावर बघू म्हणतात. एखादी म्हातारी आली की महिन्यानं दुसरी जाते, घरी किंवा वर.

आमची दुसऱ्या घराची वही अशी. पहिल्या महिन्यात २ माणसं, मग ३, ५, ६, ७, ८. या सहा महिन्यांत नोकर निम्मेच घेतले, ठरीव खर्च १,९५,००० वर दाबून धरला. तरी सहा महिन्यांची तूट ६,२७,५००. पुढं ९, ११, १२, १३, १४ माणसं, खर्च २,६०,०००, पाच महिन्यांची तूट २,६७,५००. बाराव्या महिन्यात १५ झाली, तेव्हा पूर्ण नोकर घ्यावे लागले आणि तूट पुन्हा वाढून ६२,५०० झाली. हा खड्डा कुणाच्या ध्यानात येत नाही. माणसं वाढतायत आणि पैसे कमी होतायत, असा तो महिना असतो. मग ४५,०००, २७,५००, १०,०००. सोळाव्या महिन्यात १९ माणसं झाली आणि ७,५०० रुपये उरले. पेढे नाही वाटले, पण चहा झाला.

सगळी तूट १०,४०,०००. तिच्यात टँकरचे ७०,००० मिळवा. मग उधारी. शेतकऱ्याच्या घरचं माणूस असलं की "उसाचं बिल आलं की देतो" हे ठरलेलं, आणि तो देतो, खोटं नाही, पण कारखान्याच्या तारखेनं देतो. त्यासाठी १,६०,००० अडकलेले धरा. अडीअडचणीला ३०,०००. झाले १३,००,०००. एकूण बजेट ३२,२०,०००, आणि त्यातले शंभरात चाळीस कुठल्याच विटेत किंवा खाटेत दिसत नाहीत. हे पैसे सुरुवातीलाच वेगळ्या खात्यात टाका, दोघांच्या सह्यांवर. बांधकाम वाढलं तर खोली कमी करा, या खात्याला हात लावू नका. सरकारी अनुदान आणि कंपन्यांचे सीएसआरचे, म्हणजे समाजकामासाठी काढून ठेवलेले, पैसे पहिल्या वर्षाच्या जमेत एक रुपयाही लिहू नका. ते चाललेल्या घराला मिळतात. चालवून दाखवायचं असतं ते या तेरा लाखांत.

अनामत

पहिलं घर कशानं बुडालं ते शेवटी सांगतो. प्रत्येकाकडून ५०,००० अनामत घेतली होती. ते पैसे आम्ही वरच्या मजल्याच्या स्लॅबला लावले. दोन महिन्यांत दोघं गेले, दोघांना मुलांनी घरी नेलं. दोन लाख परत द्यायचे आणि पगाराची तारीख पाच दिवसांवर. पगार व्याजानं पैसे काढून केला. त्यानंतरचे तीन महिने नुसतं व्याज लिहीत होतो.

बंद करायच्या दिवशी राहिलेल्या माणसांना दुसरीकडं पोचवत होतो. रेणापूरकडच्या एक आजी पत्र्याची पेटी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात. मला म्हणाल्या, "लेकरा, माझे पन्नास हजार राहू दे तुझ्याकडं, परत उघडलंस की इथंच येते." माझ्याकडं ते पन्नास हजार नव्हतेच, हे त्यांना सांगायची छाती झाली नाही. चार महिन्यांनी भाचीच्या हाती पोचवले.

आता अनामतीची मुदत ठेव करतो, बँकेत, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी पावतीला टाचून. व्याज घराला, मुद्दल त्याचं. कुणी गेलं तर नातेवाइकांच्या येण्यापर्यंत शीतपेटीचं भाडं, गाडी, लाकडं यांना १२,००० च्या आसपास लागतात. ते आधी आपण करतो आणि अनामतीतून वळते करतो. तसं करारात लिहिलेलं असतं, आणि करार करताना वाचून दाखवलेलं असतं, म्हाताऱ्या माणसालाही. उरलेला चेक तेराव्याच्या आत घरी जातो.